ओझेकरी, पहारेकरी आणि गवई : यरुशलेमच्या मंदिरातले लेवी

रात्र बरीच झाली आहे. यरुशलेमच्या मंदिराच्या टेकडीवर चोवीस ठिकाणी पहारा बसला आहे. त्यांतल्या तीन जागा याजकांच्या, म्हणजे पुरोहितांच्या. उरलेल्या एकवीस लेव्यांच्या. मंदिराचा अधिकारी पेटत्या मशालींच्या उजेडात फेरीला निघतो. तो समोर येताच पहारेकऱ्याने उठून उभे राहायचे आणि अभिवादन करायचे, असा शिरस्ता. अभिवादन आले नाही तर गडी झोपला आहे हे उघड. मग काठीचा फटका ठरलेला. एवढेच नव्हे, झोपलेल्या लेव्याचे कपडे जाळण्याचीही त्या अधिकाऱ्याला मुभा होती. रात्री अंगणातून ओरडा ऐकू आला की गावातले लोक समजून जात, आज कोणा लेव्याला डुलकी लागली.

ही हकिकत 'मिश्ना' या ज्यू धर्मग्रंथात आहे. इ.स. २०० च्या सुमारास त्याचे संकलन झाले, म्हणजे रोमन सैन्याने मंदिर जाळल्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे लोटल्यावर. पण तिथेच रब्बी एलिएझेर बेन याकोब यांची एक आठवण नोंदवलेली आहे : आपल्या आईच्या भावालाच एकदा असे झोपलेले पकडले आणि त्याचे कपडे जाळले. घरातल्या मामाची फजिती धर्मग्रंथात जाऊन बसली, त्यामुळे त्या पहाऱ्याला चेहरा मिळाला.

प्राचीन इस्राएलच्या धर्मातला मुख्य याजक, त्याची रत्नजडित छातीची पट्टी, होमवेदी, धूप यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण मंदिर रोज उघडायचे कोणी, दारे लावायची कोणी, भांडी मोजायची, पीठ आणि तेल सांभाळायचे, लाकूड-पाणी आणायचे आणि गायचे कोणी, या प्रश्नांची उत्तरे शोधत गेले की लेवी नावाचा एक अख्खा वंश समोर उभा राहतो.

तंबू वाहणारी तीन घराणी

बायबलच्या कथेनुसार याकोबाच्या बारा मुलांपैकी एक लेवी. मोशे आणि अहरोन हे दोघे भाऊ याच वंशातले. अहरोनाचे वंशज याजक झाले आणि बाकीचे लेवी त्यांच्या मदतीला दिले गेले. तेव्हा मंदिर नव्हते. इस्राएली लोकांना वाळवंटातून चालताना सोबत नेता येईल असा निवासमंडप होता : फळ्या, पडदे, कातडी आच्छादने आणि आत कराराचा कोश, म्हणजे पवित्र पेटी. मुक्काम हलला की सगळे उतरवायचे, वाहायचे आणि पुढच्या जागी पुन्हा उभारायचे.

'गणना' या पुस्तकात या कामाची वाटणी एखाद्या शिस्तशीर कारखान्यातल्यासारखी दिली आहे. लेवीच्या तीन मुलांवरून तीन घराणी होती : गेर्षोन, कहाथ आणि मरारी. गेर्षोनाकडे कापडकाम, म्हणजे पडदे, आच्छादने आणि दोऱ्या. त्यांना दोन गाड्या आणि चार बैल मिळाले. मरारीकडे सांगाडा : अठ्ठेचाळीस फळ्या, अडसर, खांब, मेखा आणि खांब बसवायच्या बैठका. एकट्या चांदीच्या बैठकाच शंभर, आणि प्रत्येकीचे वजन एक किक्कार, म्हणजे तीस किलोंहून जास्त. म्हणून मरारीला चार गाड्या आणि आठ बैल.

कहाथाला मात्र एकही गाडी नाही. त्याच्या वाट्याला कोश, भाकरीचे मेज, दीपवृक्ष आणि वेद्या होत्या, आणि या पवित्र वस्तू खांद्यावरूनच न्यायच्या होत्या. त्यातही एक अट होती. आधी याजकांनी आत जाऊन प्रत्येक वस्तू झाकायची. कोशावर आतला पडदा, त्यावर कातडे, त्यावर अखंड निळे कापड. मग दांडे घालायचे. त्यानंतरच कहाथाच्या माणसांनी यायचे, दांड्यांना खांदा द्यायचा आणि चालू लागायचे. वस्तूला हात लावायचा नाही आणि उघडी असताना ती पाहायचीही नाही. चुकले तर मृत्यू. पुढे दाविद राजाच्या काळात कोश नव्या गाडीवर घालून आणला गेला, बैल अडखळले, उज्जाने कोश सावरायला हात घातला आणि तो जागीच मेला, अशी कथा आहे. दुसऱ्या खेपेला दाविदाने लेव्यांना बोलावले आणि कोश दांड्यांनी खांद्यावर आणवला.

मरारीच्या ओझ्याबद्दलची एक सूचना बारकाईने वाचण्यासारखी आहे : कोणी काय उचलायचे ते नाव घेऊन नेमून द्यावे. खांब, बैठका, मेखा, दोऱ्या यांतली कोणती वस्तू कोणाकडे, हे ठरलेले. तंबू ठोकण्याची एक मेख हरवली तर विचारायचे कोणाला, हे आधीच माहीत असे.

या कामासाठी तीस ते पन्नास वयाचे पुरुष मोजले गेले. कहाथाचे २,७५०, गेर्षोनाचे २,६३० आणि मरारीचे ३,२००, एकूण ८,५८०. मूळ हिब्रूत या सेवेसाठी 'त्सावा' हा सैन्याचा शब्द वापरला आहे. 'मिश्मेरेत' म्हणजे पहारा आणि 'अवोदा' म्हणजे अंगमेहनत, या दोन शब्दांत लेव्यांचे काम मावते, असे जेकब मिलग्रोम या अभ्यासकाने दाखवून दिले आहे. तंबू उभा असताना पहारा, हलताना मेहनत.

जमीन नाही, दशमांश आहे

कनान देशाची वाटणी झाली तेव्हा लेवीच्या वंशाला प्रांत मिळाला नाही. देशभर विखुरलेली अठ्ठेचाळीस नगरे आणि भोवतीची गायराने त्यांना राहायला दिली गेली. त्यांतली तेरा अहरोनाच्या वंशजांची. शिवाय या अठ्ठेचाळीसपैकी सहा आश्रयनगरे होती. हातून चुकून कोणाचा जीव गेला तर सूड घेणाऱ्यापासून पळून तिथे आसरा घेता येई.

शेतीचा वाटा नाही, मग पोट कशावर? बाकीच्या वंशांनी आपल्या उत्पन्नाचा दहावा भाग लेव्यांना द्यायचा, हा दशमांश. त्या दशमांशाचाही दशमांश लेव्यांनी काढून याजकांना द्यायचा. कागदावर व्यवस्था नेटकी होती. पण ती चालणार शेतकऱ्याच्या इच्छेवर आणि पावसावर. अनुवादाचे पुस्तक लोकांना पुन्हा पुन्हा बजावते की विधवा, अनाथ आणि परका यांच्यासारखेच दारातल्या लेव्यालाही विसरू नका. गरिबांच्या यादीत ज्याचे नाव येते, त्याची परिस्थिती काय असेल ते वेगळे सांगायला नको.

'शास्ते' या पुस्तकात तर काम शोधत फिरणारा एक लेवी भेटतो. बेथलेहेमचा हा तरुण डोंगराळ प्रदेशात मीखा नावाच्या माणसाच्या घरी पोहोचतो. मीखा त्याला घरच्या देवघरासाठी नोकरीवर ठेवतो : वर्षाला दहा रुपे, एक पोशाख आणि जेवण. मंदिरसेवकाचा इतका स्पष्ट पगार बायबलमध्ये दुसरीकडे क्वचितच दिसतो.

दारे, कोठारे आणि हिशेब

पुढे शलमोन राजाने यरुशलेमला दगडी मंदिर बांधले आणि ओझी वाहायचे काम संपले. 'इतिहास' या ग्रंथाच्या मते दाविदाने त्याआधीच नवी वाटणी करून ठेवली होती : एकूण ३८,००० लेवी, त्यांतले २४,००० मंदिराच्या कामावर, ६,००० अंमलदार आणि न्यायाधीश, ४,००० द्वारपाळ आणि ४,००० गायक-वादक. हा ग्रंथ इराणी अमदानीच्या उत्तरार्धात, बहुधा इ.स.पू. चौथ्या शतकात लिहिला गेला. त्यामुळे हे आकडे दाविदाच्या काळची खानेसुमारी म्हणून न घेता, लेखकाच्या काळातल्या मंदिराचे मोठे करून काढलेले चित्र म्हणून घ्यावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

लहान आकडे जास्त बोलके आहेत. कोणत्या दारावर कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरले. पूर्वेला रोज सहा, उत्तरेला चार, दक्षिणेला चार, कोठारांवर दोन-दोन, पश्चिमेला रस्त्यावर चार आणि लगतच्या भागात दोन. बेरीज चोवीस. सकाळी दारे उघडणे हेही त्यांचेच. उपासनेची भांडी बाहेर काढताना मोजायची आणि आत ठेवताना पुन्हा मोजायची. सपीठ, द्राक्षारस, तेल, ऊद आणि सुगंधी मसाले यांची निगा ठेवायची. तव्यावर भाजायच्या पोळ्यांचे काम मत्तिथ्या या लेव्याकडे होते, आणि दर शब्बाथाला, म्हणजे शनिवारी, मेजावर मांडायच्या भाकरी कहाथाची माणसे तयार करत.

याशिवाय कधी शिकवणेही आले. यहोशाफाट राजाने लेव्यांना नियमशास्त्राचे पुस्तक देऊन यहूदाच्या गावोगाव पाठवल्याचा उल्लेख आहे. बळी द्यायला जनावरे फार आणि सोलायला याजक कमी, अशी वेळ हिज्कीया राजाच्या काळात आली तेव्हा लेवीच मदतीला धावले.

लेव्यांच्याही हाताखाली एक वर्ग होता : नथीनीम. शब्दाचा अर्थ 'दिलेले'. दाविदाने आणि सरदारांनी त्यांना लेव्यांच्या सेवेसाठी दिले होते, असे एज्राचे पुस्तक सांगते. पुढच्या ज्यू परंपरेने त्यांचे मूळ गिबोनी लोकांत शोधले. शिळ्या भाकरी आणि ठिगळांचे जोडे दाखवून इस्राएलचा नेता यहोशवा याला फसवल्याबद्दल या गिबोन्यांना कायमचे लाकूडतोडे आणि पाणके करण्यात आले होते. सेवकांचे हे सेवक मंदिराजवळच ओफेल भागात राहत.

गवयांचा ओटा

लेव्यांचे सगळ्यांत लोभस काम म्हणजे गाणे. आसाफ, हेमान आणि यदूथून ही गवयांची तीन प्रमुख नावे. त्यांच्या वंशातल्या २८८ तयार गायकांचे चोवीस गट पाडले होते, प्रत्येकात बारा. इथेही गुरू-शिष्य, लहान-थोर असा भेद न करता चिठ्ठ्याच टाकल्या गेल्या. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी बारांवर आसाफाचे आणि अकरांवर कोरहाच्या पुत्रांचे नाव आहे. कोरह म्हणजे मोशेविरुद्ध बंड करून जमिनीत गडप झालेला लेवी. त्याच्याच वंशाने पुढे मंदिराची दारे राखली आणि गाणी गायली. १९६० च्या दशकात दक्षिणेतल्या अराद किल्ल्याच्या उत्खननात शाईने लिहिलेली खापरे सापडली. त्यांतल्या एकावर 'कोरहाचे पुत्र' असे शब्द आहेत.

शलमोनाचे मंदिर जळाल्यावर बांधलेल्या दुसऱ्या मंदिरातल्या गाण्याचे तपशील मिश्नात आहेत. ओट्यावर बाराहून कमी लेवी चालत नसत. मोठी तंतुवाद्ये दोन ते सहा, लहान तंतुवाद्ये निदान नऊ, झांज मात्र एकच. लेव्यांची लहान मुले ओट्यावर चढत नसत. ती खाली उभी राहत, त्यांची डोकी मोठ्यांच्या पायांशी येत, आणि त्यांनी वाद्य न घेता नुसता गळा लावायचा, गाण्याला गोडी यावी म्हणून.

सकाळच्या बळीबरोबर द्राक्षारस ओतायला याजक वाकला की बाजूच्या अधिकाऱ्याने फडके हलवायचे. ती खूण दिसताच बेन आर्झा नावाच्या वादकाने झांज वाजवायची आणि लेव्यांनी गाणे सुरू करायचे. एक भाग संपला की याजकांचे कर्णे वाजत आणि जमलेले लोक दंडवत घालत. मग पुढचा भाग. वाराप्रमाणे स्तोत्र ठरलेले होते : रविवारी चोविसावे, सोमवारी अठ्ठेचाळिसावे, शब्बाथाला ब्याण्णवावे.

या सेवेला उमेदवारी लागे. एका ठिकाणी लेव्याचे वय पंचविसापासून आणि दुसऱ्या ठिकाणी तिसापासून का सांगितले आहे, याचा उलगडा तालमूद या मिश्नावरच्या चर्चाग्रंथाने असा केला : पंचविसाव्या वर्षी शिकायला यायचे, पाच वर्षे शिकायचे आणि तिसाव्या वर्षी सेवेला लागायचे. याजकाला शारीरिक व्यंगामुळे बाद व्हावे लागे, वयामुळे नाही. लेव्याला व्यंग आड येत नसे. गवयाचा आवाज गेला की मात्र त्याची सेवा संपली.

कामांची सीमाही कडक होती. पुढे मोठे रब्बी झालेले यहोशुआ बेन हनन्या हे गायकांतले. एकदा ते द्वारपाळ योहानान बेन गुदगदा यांना दार लावायला मदत करू लागले. योहानान यांनी त्यांना परत पाठवले : तू गाणाऱ्यांतला, दारकऱ्यांतला नाहीस. खरे तर मदतीची गरज नव्हती असे नाही. आतल्या अंगणाचे पूर्वेचे कांस्यदार रोज संध्याकाळी लावायला वीस माणसे लागत, असे इतिहासकार जोसेफसने लिहून ठेवले आहे.

परत न आलेले लेवी

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने शलमोनाचे मंदिर जाळले आणि लोकांना बंदी करून बाबेलला नेले. इराणच्या कोरेश राजाने इ.स.पू. ५३८ मध्ये परतण्याची परवानगी दिली आणि इ.स.पू. ५१५ मध्ये दुसरे मंदिर पुरे झाले. परतलेल्यांची यादी एज्राच्या पुस्तकात आहे. याजक ४,२८९. गायक १२८, द्वारपाळ १३९, नथीनीम आणि शलमोनाच्या सेवकांचे वंशज मिळून ३९२. आणि लेवी? फक्त ७४.

पुढे शास्त्री एज्रा स्वतः बाबेलहून निघाला तेव्हा अहवा नदीकाठी तळ पडला. मोजदाद केली तर तांड्यात एकही लेवी नव्हता. माणसे पाठवून, विनवण्या करून अडतीस लेवी आणि २२० नथीनीम मिळवावे लागले. स्वतःची जमीन नसलेल्या देशात, दुसऱ्याच्या दशमांशावर जगायला आणि याजकांच्या हाताखाली राबायला कोण उत्सुक असणार?

ही नाखुषी कुठून आली असावी, याचा एक माग १८७८ मध्ये युलियुस वेलहाउझेन या जर्मन पंडिताने दाखवला. अनुवादाच्या पुस्तकात सगळे लेवी याजकपणाचे हक्कदार दिसतात. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात मात्र सादोक या याजकाचे घराणे तेवढे याजक राहते आणि बाकीच्या लेव्यांना दारे राखण्याच्या, बळी कापण्याच्या कामावर उतरवले जाते. गावोगावची देवस्थाने बंद होऊन उपासना एकट्या यरुशलेमात एकवटली, तेव्हा त्या देवस्थानांचे पुजारी दुय्यम सेवक झाले, असा वेलहाउझेनचा निष्कर्ष. तपशिलांवर आजही वाद चालतो, पण याजक आणि लेवी यांच्यातली दरी काळाच्या ओघात रुंदावत गेली, हे बरेच जण मान्य करतात.

इ.स.पू. ४४५ मध्ये नहेम्या यरुशलेमचा सुभेदार म्हणून आला. काही वर्षांनी इराणच्या दरबारात जाऊन परतला तेव्हा मंदिर ओस पडलेले दिसले. दशमांश येईनासा झाला होता, म्हणून लेवी आणि गवई आपापल्या शेतांकडे निघून गेले होते. नहेम्याने अधिकाऱ्यांना धारेवर धरले, लेव्यांना परत जागेवर उभे केले, कोठारांवर भरवशाची माणसे नेमली, आणि धान्य, द्राक्षारस, तेल पुन्हा येऊ लागले. भक्तीचा कितीही गौरव केला तरी ओट्यावरचे गाणे कोठारातल्या धान्यावर चालत होते, हे त्याने नेमके ओळखले होते.

शेवटची वर्षे

हेरोद राजाने वाढवलेल्या मंदिरात कामांची यादी आणखी लांबली. चिठ्ठ्यांवर एक अधिकारी, पडद्यांवर एक, याजकांच्या वस्त्रांवर एक, यात्रेकरूंसाठी विहिरी खोदायला एक. बेन अहिया नावाच्या माणसाकडे तर याजकांच्या पोटदुखीचे खाते होते. अनवाणी दगडी फरशीवर उभे राहायचे आणि मांस भरपूर खायचे, त्याचा हा परिणाम. हुग्रास बेन लेवी गाण्याचा प्रमुख होता. त्याला गळ्याची एक खास करामत येत होती आणि ती त्याने कोणाला शिकवली नाही, म्हणून त्याचे नाव निंदेसह नोंदले गेले.

अगदी शेवटी, इ.स. ६० नंतरच्या काही वर्षांत, गायक लेव्यांनी राजा दुसरा अग्रिप्पा याच्याकडे एक मागणी केली : आम्हालाही याजकांसारखे तागाचे शुभ्र वस्त्र घालू द्या. राजाने सभा बोलावून ती मान्य केली. जोसेफस स्वतः याजक घराण्यातला. हे पूर्वजांच्या रीतीविरुद्ध झाले, असा शेरा त्याने मारला आहे. शेकडो वर्षे दुय्यम राहिलेल्यांना पांढरे कपडे मिळाले, ते घालायला मात्र दहा वर्षेही मिळाली नाहीत. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळले. तालमूदमधली परंपरा सांगते की शत्रू आत शिरला तेव्हा लेवी ओट्यावर उभे राहून गात होते आणि त्यांचे स्तोत्र पुरे झाले नाही.

आपल्या कोकणात स्थिरावलेल्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटल्या गेलेल्या मराठी भाषक बेने इस्राएल समाजात परंपरेने याजकांची किंवा लेव्यांची घराणी सांगितली जात नाहीत. जिथे ती आहेत, तिथे लेवी आजही याजकवंशातल्या माणसाच्या हातावर आशीर्वादापूर्वी पाणी घालतो, आणि तोरा, म्हणजे नियमशास्त्र, वाचताना याजकानंतर दुसरा मान त्याचा असतो. बळी, वेदी, कोश यांतले काहीही उरले नाही. पण सिनगॉगमधल्या सकाळच्या प्रार्थनेत रोज त्या त्या वाराचे स्तोत्र म्हटले जाते, आणि त्याआधी एक वाक्य येते, ज्याचा आशय इतकाच : आज अमुक वार, या वारी मंदिरात लेवी हे गात असत.